पार्श्वभूमी: असेम्ब्लर-लिंकरला काय येतं, हे कंपायलरला कसं कळतं?

जीसीसी हा ग्नू प्रकल्पाचा कंपायलर. तो स्वतः मशीन कोड लिहीत नाही. तो असेम्ब्लीचा, म्हणजे यंत्राच्या सूचना शब्दांत मांडणारा, मजकूर तयार करून ‘ॲज’ या असेम्ब्लरकडे देतो आणि निघालेल्या ऑब्जेक्ट फायली ‘एलडी’ हा लिंकर जोडतो. हे दोन्ही प्रोग्रॅम जीसीसीचे नाहीत. ते ग्नू बिनयुटिल्स या साधनसंचातले असतात किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या उत्पादकाने दिलेले असतात. म्हणून आपण लिहिलेली कोणती ओळ पलीकडचा स्वीकारेल, हे कंपायलरला बांधला जातानाच ठरवावं लागतं.

१९८७ साली जीसीसी आला तेव्हा या प्रश्नाचं उत्तर यंत्राच्या नावात होतं. प्रत्येक यंत्र-सिस्टिम जोडीसाठी एक हेडर फाइल असे आणि तिथल्या असेम्ब्लरच्या सवयी तिच्यात हाताने लिहिलेल्या असत. अशी यादी चालली, कारण एका यंत्रावर बहुधा एकच असेम्ब्लर असे. लोक उत्पादकाचा असेम्ब्लर काढून ग्नूचा ‘गॅस’ बसवू लागले तेव्हा ‘--विथ-ग्नू-ॲज’ आणि ‘--विथ-ग्नू-एलडी’ हे पर्याय आले. एचपी-यूएक्स या सिस्टिमवर हा फरक ठळक दिसे: तिथल्या मूळ असेम्ब्लरबरोबर ‘-जी’ देऊन डीबगिंगची माहिती मिळत नसे, गॅस आणि जीडीबी हा डीबगर वापरले की मिळे. लिंकरची उणीव भरायला ‘कलेक्ट२’ होता. सी++चे कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारी फंक्शनं) सुरुवातीला चालवण्याची सोय ज्या लिंकरमध्ये नव्हती, तिथे तो एकदा लिंक करी, ‘एनएम’ या नावांची यादी देणाऱ्या साधनाने ठरावीक नावं शोधी, त्यांच्या तक्त्याची छोटी सी फाइल कंपाइल करी आणि पुन्हा लिंक करी.

‘--विथ-ग्नू-ॲज’बद्दलचा एक गैरसमज अजून टिकून आहे. या पर्यायाने असेम्ब्लर शोधला जात नाही. सापडेल तो ग्नूचा आहे, एवढंच गृहीत धरलं जातं. सोलारिस या सिस्टिमवर हा पर्याय दिला आणि वाटेत सिस्टिमचाच ‘ॲज’ सापडला, तर गोंधळ ठरलेला. नेमका प्रोग्रॅम सांगायचा तर ‘--विथ-ॲज=’ पुढे पूर्ण पाथ द्यावा लागतो.

नावांची यादी अपुरी पडण्याचं कारण ‘.अलाइन’ या साध्या निर्देशात दिसतं. पुढचा भाग मेमरीतल्या ठरावीक सीमेवर सुरू करा, असं तो असेम्ब्लरला सांगतो. आय३८६ या प्रोसेसरवर ऑब्जेक्ट फायलींच्या ईएलएफ फॉरमॅटमध्ये ‘.अलाइन ४’ म्हणजे ४ बाइटची सीमा, तर ए.आउट फॉरमॅटमध्ये दोनचा चौथा घात, म्हणजे १६ बाइट. यावर गॅसने ‘.बीअलाइन’ आणि ‘.पी२अलाइन’ असे नि:संदिग्ध निर्देश दिले. पुढे ‘.पी२अलाइन ४,,७’ असंही लिहिता येऊ लागलं: १६च्या सीमेवर जा, पण त्यासाठी ७ पेक्षा जास्त बाइट भरावे लागणार असतील तर राहू दे. हे नवं रूप कळतं की नाही, हे यंत्राच्या नावावरून सांगता येत नाही, कारण ते गॅसच्या आवृत्तीवर ठरतं.

तोवर ‘कन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करणारं साधन ऑटोकॉन्फ (१९९१) रुळलं होतं आणि त्याची रीत सोपी होती: विचारू नका, करून बघा. १९९७ मध्ये जीसीसीपासून वेगळ्या झालेल्या आणि १९९९ मध्ये पुन्हा जीसीसीच झालेल्या ईजीसीएस या शाखेच्या काळात असेम्ब्लरच्या चाचण्या ‘कन्फिगर’मध्ये शिरल्या. दोन-चार ओळींची असेम्ब्ली फाइल लिहायची, ‘ॲज’ला द्यायची, तो शून्य परत करतो का ते पाहायचं आणि ‘ऑटो-होस्ट.एच’मध्ये एक मॅक्रो टाकायचा. तयार झालेलं काही चालवून बघायचं नाही हे पथ्य महत्त्वाचं, कारण क्रॉस-कंपायलर, म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी (टार्गेटसाठी) कोड बनवणारा कंपायलर, बांधताना टार्गेटचा प्रोग्रॅम समोरच्या यंत्रावर चालतच नाही.

पण असेम्ब्लरने तक्रार केली नाही म्हणजे त्याला ते जमलं, असं नसतं. २.११च्या आधीचा गॅस ‘.यूलेब१२८’ (कमीजास्त लांबीत आकडा लिहिण्याचा निर्देश) बिनतक्रार घ्यायचा, पण त्याचा आधार खरा नव्हता. अशा ठिकाणी चाचणीला आवृत्ती तपासावी लागते किंवा ‘ऑब्जडंप’, ‘रीडईएलएफ’ अशा साधनांनी ऑब्जेक्ट फाइल उघडून आतले बाइट पाहावे लागतात.

लिंकरचं प्रकरण याहून अवघड. त्याची खरी परीक्षा घ्यायची तर लायब्ररी, स्टार्टअप फायली, सगळा संसार लागतो आणि नव्या टार्गेटसाठी तोच अजून बांधलेला नसतो. म्हणून जीसीसीने दोन आडमार्ग घेतले. ‘--ईएच-फ्रेम-एचडीआर’सारख्या पर्यायासाठी लिंकरच्या ‘--हेल्प’मध्ये तो शब्द सापडतो का, एवढंच पाहायचं. ‘हिडन’ व्हिजिबिलिटीसाठी, म्हणजे लायब्ररीतलं नाव बाहेर दिसू न देण्याच्या सोयीसाठी, ‘एलडी --व्हर्जन’च्या पहिल्या ओळीतून आवृत्ती आणि तारीख वेगळी काढायची. तारीख यासाठी की लिनक्स वितरणांतली बिनयुटिल्स पुष्कळदा दोन प्रकाशनांमधल्या स्नॅपशॉटची असत आणि नुसत्या आकड्यावरून दुरुस्ती आत आली की नाही ते कळत नसे. ४ एप्रिल २००२च्या आधीची तारीख दिसली की उत्तर ‘नाही’. तारीखच नसेल तर किमान २.१२.१ हवी. हा मार्ग कुणालाच अभिमानाने दाखवण्यासारखा नाही, पण तो चालला.

त्याचे पडसाद मात्र दूरवर गेले. २००८ मध्ये बिनयुटिल्समध्ये ‘गोल्ड’ हा दुसरा लिंकर आला. त्याची व्हर्जनची ओळ निराळी, म्हणून तो ओळखायला आणखी फाटे फोडावे लागले. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर प्रकल्पाचा लिंकर एलएलडी तर आवृत्ती सांगताना ‘कम्पॅटिबल विथ ग्नू लिंकर्स’ असं छापतो, कारण लायब्ररी बांधायला वापरल्या जाणाऱ्या लिबटूलची स्क्रिप्ट लिंकरच्या उत्तरात ‘ग्नू’ हा शब्द शोधते!

या पद्धतीचा खरा काच वेगळाच आहे: उत्तर कंपायलरमध्ये कायमचं गोठतं. नंतर बिनयुटिल्स नवी बसवली तरी आधीचा जीसीसी नवी सोय वापरत नाही. जुनी बसवली तर ‘अननोन स्यूडो-ऑप’ (अनोळखी निर्देश) अशा तक्रारी येतात. क्रॉस बांधणीत टार्गेटचा असेम्ब्लर सापडलाच नाही, तर प्रत्येक चाचणीचं उत्तर ‘नो’ येतं आणि कन्फिगर तरीही पुढे जाऊ शकतं. मग थ्रेड-लोकल (प्रत्येक थ्रेडसाठी वेगळ्या) व्हेरिएबलसाठी सिस्टिमच्या खऱ्या सोयीऐवजी (टीएलएस) तिची नक्कल करणाऱ्या ‘__ईएमयूटीएलएस_गेट_ॲड्रेस’ची कॉल दिसू लागते आणि कारण कुठे शोधावं ते कळत नाही. म्हणून आधी बिनयुटिल्स, त्याच ‘--टार्गेट’ आणि ‘--प्रिफिक्स’ने, तिचा ‘बिन’ पाथमध्ये, मग जीसीसी, आणि तोही स्रोताबाहेरच्या कोऱ्या डिरेक्टरीत. शंका आल्यास बांधणीतल्या ‘जीसीसी’ उपडिरेक्टरीतला ‘कन्फिग.लॉग’ उघडावा. सगळ्यात वरच्या डिरेक्टरीतल्या लॉगमध्ये या चाचण्या नसतात.

असेम्ब्लर नवा आणि लिंकर जुना अशी जोडीही फसते. बिनयुटिल्स २.२६पासून एक्स८६-६४वर गॅस नव्या प्रकारची रिलोकेशन (कुठला पत्ता नंतर भरायचा हे लिंकरला सांगणाऱ्या नोंदी) लिहू लागला. जुना लिंकर त्यांतल्या ४२ क्रमांकाच्या, म्हणजे षोडशमान २ए, रिलोकेशनवर ‘अनरेकग्नाइज्ड रिलोकेशन’ म्हणून थांबे. इथे कंपायलरने कितीही चाचण्या केल्या तरी उपयोग नाही, कारण नवी रिलोकेशन वितरणाच्या आधीच बांधलेल्या स्टार्टअप फायलींतूनही येतात. २०२१ मध्ये जीसीसी ११ने ड्वार्फ ५ हा डीबगिंगच्या माहितीचा फॉरमॅट डीफॉल्ट केला, तेव्हा त्याचा पूर्ण लाभ घ्यायला २.३५.२ किंवा नंतरची बिनयुटिल्स हवी, असं प्रकाशनाच्या टिपणातच लिहावं लागलं.

एलएलव्हीएमच्या क्लँग या कंपायलरने अर्धा प्रश्न मुळातच टाळला. त्याचा असेम्ब्लर त्याच्या पोटातच आहे. बाहेरच्या साधनांशी जुळवून घ्यायचं असेल तर क्लँग १२पासून ‘-एफबिनयुटिल्स-व्हर्जन=’ हा पर्याय आहे, म्हणजे किती जुनी बिनयुटिल्स गृहीत धरायची ते प्रत्येक कंपाइलच्या वेळी सांगता येतं. जीसीसी मात्र आजही बांधतानाच उत्तर ठरवतो.