स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये एकदम अनेक व्हेरिएबल भरणं

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम, आणि त्यात एकाच क्वेरीतून दोन-चार व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू घेणं म्हणजे हे. समजा देवगडच्या बागायतदाराचा आंब्याचा हिशोब आहे, पेट्या वाशीला गेल्या, दलालाची पट्टी (विक्रीचा हिशोब) आली, आता प्रोसिजरला त्या पट्टीतल्या पेट्या, भाव आणि हमाली तिन्ही हवंय. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेट एका वेळी एकच व्हेरिएबल भरतं, म्हणजे त्याच एका ओळीसाठी टेबलात तीनदा जायचं. त्यापेक्षा सिलेक्ट @पेट्या = पेट्या, @भाव = भाव, @हमाली = हमाली, पुढे फ्रॉम आणि व्हेअर, असं लिहिलं की एका फेरीत काम होतं.

पण खरी गोम पुढे आहे आणि ती माहीत नसेल तर हिशोब गुपचूप चुकतो. क्वेरीला एकही ओळ मिळाली नाही तर सिलेक्ट व्हेरिएबलला हातच लावत नाही, जुनी व्हॅल्यू तशीच राहते. कर्सर (एकेक ओळ घेत पुढे जाणारा लूप) लावून एकेका बागायतदाराची पट्टी काढताय आणि मधल्या एकाची पट्टी अजून आलेलीच नाही, तर आधीच्या माणसाचा भाव आणि हमाली याच्या नावावर चढते, एररसुद्धा येत नाही! म्हणून लूपच्या प्रत्येक फेरीत आधी सगळी व्हेरिएबल नल, म्हणजे रिकामी, करायची, नाहीतर सिलेक्टनंतर @@रोकाउंट, म्हणजे किती ओळी मिळाल्या तो आकडा, बघायचा, तोही लगेच, कारण पुढच्या स्टेटमेंटला तो बदलतो. ओळी जास्त मिळाल्या तर शेवटची व्हॅल्यू उरते, आणि ऑर्डर बाय नसेल तर शेवटची कुठली हे सांगता येत नाही. सेटमध्ये सबक्वेरी, म्हणजे कंसात लिहिलेली सिलेक्ट क्वेरी, दिली तर ओळ नसताना नल येतं, जास्त ओळी असल्या तर 512 नंबरची एरर. पैशाच्या हिशोबात मला ही एररच बरी वाटते, निदान चूक दिसते तरी.

मायएसक्यूएल, ओरॅकल आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये याच कामाला सिलेक्ट इंटू वापरतात. ओळ नसेल तर ओरॅकल सरळ एक्सेप्शन देतं, मायएसक्यूएल 1329 ची वॉर्निंग देऊन जुनी व्हॅल्यू ठेवतं, पोस्टग्रेस नल करतं, तिथे स्ट्रिक्ट लिहिलं तरच एरर येते.

व्हेरिएबलचं नाव कॉलमसारखंच ठेवू नये, मायएसक्यूएल अशा वेळी व्हेरिएबल धरतं आणि ओरॅकल कॉलम, त्यामुळे व्हेअरमधली अट भलतंच काहीतरी तपासत बसते.