बर्कलीचा तक्ता आणि पुण्याचा वाडा

कोथरूड-बाणेरकडच्या बालवाडीच्या पालकसभेत हल्ली 'आम्ही जेंटल पॅरेंटिंग करतो', म्हणजे न मारता-ओरडता समजावून वाढवतो, हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्यावर शेजारचे बाबा 'आमच्याकडे हिटलरशाही' म्हणून हसतात. या वर्गवारीचा उगम बराच लांबचा आहे.

अमेरिकेत १९२८ साली वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आईवडिलांना सांगत होते की मुलांचे पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी हस्तांदोलन करा. १९४६ मध्ये डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी नेमकं उलट सांगितलं: मुलाला जवळ घ्या, स्वतःच्या मनावर भरवसा ठेवा. साठच्या दशकात धाक की मोकळीक हा वाद रंगात आलेला असताना कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी बालवाडीतली मुलं आणि त्यांचे पालक यांचं निरीक्षण करून १९६६-६७ मध्ये तीन प्रकार मांडले. हुकूम सोडणारे, सगळं चालवून घेणारे आणि शिस्त लावताना कारणही सांगणारे, मुलाचं ऐकून घेणारे. तिसऱ्या घरांतली मुलं जास्त स्वावलंबी, समाधानी आणि स्वतःला आवरणारी दिसली. पहिल्या घरांतली अबोल, कुणावर पटकन विश्वास न ठेवणारी. दुसऱ्यांतली मुलं स्वतःला आवरण्यात सगळ्यात कच्ची. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथा प्रकार जोडला: लक्षच न देणारे पालक.

पालकांमुळे मूल तसं घडतं, की हट्टी मुलापुढे पालक कडक होतात? हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच विचारला होता. सोशल मीडियावरच्या रील्समध्ये मात्र तो सहसा येत नाही.

शिवाय बॉमरिंड यांनी पाहिलेली घरं बहुतेक गोऱ्या मध्यमवर्गीयांची. त्यांच्या प्रकारांच्या तक्त्यात 'श्यामची आई' बसवून पाहा. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला ती मारून विहिरीवर धाडते, आणि पुढे समजावते की तुला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून मारलं. हुकूमही आहे, कारणही आहे, मायाही आहे. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी चिनी कुटुंबांबद्दल साधारण हाच मुद्दा मांडला.

आपल्याकडचा वाद वेगळ्या वाटेने आला. 'छडी लागे छमछम'ला पहिलं ठोस आव्हान दिलं ते शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गुजरातेत भावनगरमध्ये इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या विचारांवर काम करताना १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. हे काम मुख्यतः शिक्षकांसोबतचं. थेट पालकांशी बोलणारं 'पालकनीती' मासिक पुण्यात १९८७ मध्ये सुरू झालं. शाळेतली छडी कायद्याने बंद व्हायला २००९चा शिक्षणहक्क कायदा यावा लागला. घरातल्या धपाट्याला तो लागू नाही.

पण पुण्यातल्या पालकत्वावर माझ्या मते जास्त परिणाम केला तो घरांनी. सदाशिव-नारायण पेठांतल्या वाड्यात आईने रागावलेलं मूल चौक ओलांडून समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जायचं. तिथे लाडू मिळायचा. वरच्या मजल्यावरचे आजोबा पुन्हा दटावायचे. एकाच दुपारी तिन्ही शैली! याला फार गोड रंग द्यायला नको. चारचौघांत मार खाण्याची लाज हीही त्याच चौकातली. १२ जुलै १९६१च्या पानशेत पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे गेले, लोक नव्या वसाहतींत पांगले. पुढे फ्लॅट आले, दार बंद झालं आणि रागावणारं माणूस आणि जवळ घेणारं माणूस एकच उरलं. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांनंतर तेही संध्याकाळी सातलाच घरी येऊ लागलं.

मधले तास आता आजीकडे किंवा पाळणाघरातल्या ताईंकडे असतात. आजी जेवताना मोबाइल देते, ताई देत नाहीत, आईबाबा फक्त रविवारी देतात. तीन वर्षांचं मूल मात्र कुणाकडे किती रडलं की काय मिळतं, हे महिन्याभरात शिकून घेतं.