ओपनस्ट्रीटमॅप फुकट, मग टाइल हव्या तेवढ्या उतरवायच्या?

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा. ‘ओपनस्ट्रीटमॅप खुला आहे, सगळ्या टाइल उतरवून ठेवा, ऑफलाइन अ‍ॅप तयार!’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. ओडीबीएल या खुल्या माहितीसाठीच्या परवान्याखाली (सप्टेंबर 2012 पासून) खुली आहे ती माहिती: रस्ते, विहिरी, देवळांची नावे. त्या माहितीवरून रंगवलेले 256 पिक्सेलचे चौकोन, म्हणजे टाइल, देणारा सर्व्हर देणग्यांवर चालतो. तिथून घाऊक उतरवायला मनाई आहे.

हिशेब बघा. झूम म्हणजे नकाशा किती जवळून दाखवायचा त्याची पातळी. पुण्यात झूम 16 ची टाइल साधारण 580 मीटर रुंद. 10 बाय 10 किलोमीटरच्या चौरसाला सुमारे 300 टाइल पुरतात. झूमची प्रत्येक पायरी टाइलची संख्या चौपट करते. झूम 19 ला त्याच चौरसाला 19,000 लागतात! टाइल उतरवणाऱ्या स्क्रिप्टने सर्व्हरला स्वतःची ओळख सांगणारा मजकूर, म्हणजे यूझर-एजंट, दिला नसेल, तर आधीच दार बंद.

ऑफलाइनच हवे असेल तर जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची पीबीएफ फाइल (नकाशाची कच्ची माहिती) घ्या, ऑस्मियम या प्रोग्रॅमने त्यातून आपला तालुका कापा आणि टाइल स्वतःच्या यंत्रावर रंगवा. मराठी नावे ‘नेम:एमआर’ (name:mr) या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या रकान्यात, असतात. तो रिकामा असेल तिथे साधे ‘नेम’ दाखवा, नाहीतर गावे बिननावाची दिसतात. आणि नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचे श्रेय हवेच, छापील पत्रकावरसुद्धा.