माइक शिट्टी मारतो म्हणून परत आणण्याआधी

गणपती जवळ आले की आमच्या काउंटरवर तीच तक्रार येते : "माइक नवीन आहे, पण शिट्टी मारतोय. बदलून द्या." आम्ही तो तुमच्यासमोरच लावून बघतो आणि बहुतेक वेळा माइक चांगला निघतो. रेकॉर्डिंगचा माइक स्टेजवर लावलेला असतो, एवढंच. तुमची फेरी वाया जाते आणि मंडळाचा कार्यक्रमही बिघडतो, म्हणून हे पत्रक.

स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. शिट्टी ती हीच. इथे खरा प्रश्न अंतराचा असतो. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट केलं की गाणाऱ्याचा आवाज माइकपाशी ६ डेसिबलने उतरतो. तो भरून काढायला मिक्सरवाला गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं बटण) वाढवतो, त्याबरोबर स्पीकरचा शिरणारा आवाजही वाढतो. यूट्यूबवर दिसणारा मोठ्या डोक्याचा कंडेन्सर माइक वीतभर लांबून गाण्यासाठी बनवलेला असतो. बंद, शांत खोलीत तो श्वाससुद्धा सुंदर टिपतो. मांडवात तोच माइक टाळ, पंखा, समोरचा बॉक्स सगळंच टिपतो. हातात धरायचा डायनॅमिक माइक मात्र ओठांजवळ धरूनच गायचा असतो. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ सालचा माइक आजही स्टेजवर दिसतो, कारण तो याच कामासाठी घडवलेला आहे. स्टेजसाठीचे कंडेन्सरही मिळतात आणि ते उत्तम असतात, पण मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) नीट लावणारा माणूस हाताशी असेल तरच घ्या.

दुसरी तक्रार, "माइक बंदच आहे." कंडेन्सरला मिक्सरकडून ४८ व्होल्टचं फॅन्टम, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागतं. भजनी मंडळांच्या जुन्या अँप्लिफायरला ते बहुधा नसतं. यूएसबी माइक तर कॉम्प्युटरसाठीच असतो, त्याला अँप्लिफायरची पिन जोडता येत नाही.

डायनॅमिक घेऊनही शिट्टी येत असेल तर आधी हात बघा. जोशात पोवाडा म्हणताना जाळीच मुठीत धरली जाते. मागून येणारा आवाज कापण्यासाठी कॅप्सूलच्या (जाळीच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या भागाच्या) मागे फटी ठेवलेल्या असतात. त्या झाकल्या की माइक चारी बाजूंनी ऐकू लागतो. माइक दांड्याला धरा. मॉनिटरची जागाही बघा : कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक बरोबर पाठीमागे सर्वांत कमी ऐकतो, तर सुपरकार्डिऑइडला (समोरचं आणखी अरुंद पट्ट्यात ऐकणाऱ्याला) पाठीमागचं थोडं ऐकू येतं, म्हणून त्याचा मॉनिटर मागे तिरका ठेवावा लागतो.

भजनाला प्रत्येक वाद्यापुढे माइक हवा असं नाही. गायकाला एक, पेटीला एक, पखवाजाला जमल्यास दोन. टाळ आणि हलगीला शक्यतो नकोच, ती इतरांच्या माइकमध्ये आपोआप येतात. उघडे माइक जितके जास्त, तितकी शिट्टी लवकर. गरजेपेक्षा जास्त माइक मागायला आलेल्या मंडळाला आम्ही कमीच घ्या म्हणतो, त्यात आमची विक्री कमी होते, पण कार्यक्रम चांगला होतो.

रेकॉर्डिंगला कंडेन्सर जरूर घ्या, फक्त आधी खोली बघा. फरशी, स्लॅब आणि मोकळ्या भिंती असतील तर महागडा माइक खोलीचा घुमारा तेवढा जास्त स्पष्ट टिपतो. गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूंना जाड वाकळा टांगून बघा, फरक लगेच कानाला कळेल. तेवढं जमत नसेल तर जवळून गायचा डायनॅमिकच बरा. मराठीत भ, फ, ध यांचा श्वास माइकवर जोरात आदळतो, म्हणून कंडेन्सरबरोबर पॉप फिल्टर (माइकपुढे लावायचा श्वास अडवणारा पडदा) घ्याच. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, हेही ध्यानात ठेवा.

केबलवर काटकसर करू नका. माइककडे एक्सएलआर (तीन पिनांचा गोल कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला साधी पी-३८ पिन (जाड एकेरी जॅक) लावलेली लांब केबल लाइटचा गुणगुणाट ओढून घेते. मिक्सरला एक्सएलआरची जागा असेल तर दोन्ही टोकांना एक्सएलआरच लावा. आम्ही केबल इथेच, तुम्हाला हव्या त्या लांबीची, सोल्डर करून देतो.

किंमत सांगण्याआधी आम्ही विचारतो : कुठे वापरणार, काय गाणार-वाजवणार, मिक्सर कोणता, स्पीकर कुठे असतात? काही जणांना ही चौकशी जास्त वाटते, पण त्याशिवाय योग्य माइक हाती देता येत नाही. तोंडाला लागणारी वस्तू असल्याने वापरलेला माइक आम्ही परत घेत नाही. खरा बिघाड असेल तर वॉरंटीप्रमाणे दुरुस्त किंवा बदलून मिळतो. म्हणून घेण्यापूर्वी दुकानात स्पीकर लावून स्वतः गाऊन बघा, त्याचे पैसे नाहीत. येताना अँप्लिफायर किंवा मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर आणा. गणपतीच्या आधीचा आठवडा सोडून आलात तर निवांत वेळ देता येईल.