वैमानिकाचा ऑक्सिजन मास्क हाताशी कसा आला

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा बलून वर चढला. त्यात तिघे होते: गास्ताँ तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओडोर सिव्हेल. उंचावर हवा विरळ होते आणि तिथे माणसाला वेगळा ऑक्सिजन लागतो, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल यांनी तर आदल्याच वर्षी शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांच्या कमी दाबाच्या कोठीत बसून तो अनुभव घेतला होता. म्हणूनच ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्या बलूनला टांगल्या होत्या आणि त्यांच्या नळ्या प्रवाशांच्या डोक्याजवळ लोंबत होत्या. साठा मोजकाच होता, त्यामुळे अगदी गरज पडेल तेव्हाच तो वापरायचा असं ठरलं होतं. एवढा ऑक्सिजन पुरणार नाही, असं बेर यांनी पत्राने कळवलंही होतं. पण तोवर तयारी बदलायला वेळ उरला नव्हता.

गरज पडली तेव्हा बलून साडेसात-आठ हजार मीटरवर होता. नळी तोंडात धरावी असं तिसांदिए यांच्या मनात आलं, पण हात उचलेना. आपण आठ हजार मीटरवर पोहोचलो, असं सांगायला गेले तर जीभ हलेना. त्यानंतर त्यांची शुद्ध हरपली. बलून आपोआप खाली येऊ लागल्यावर ते भानावर आले, तेव्हा दोन्ही सोबती मरण पावले होते. तिसांदिए वाचले, पण त्यांची श्रवणशक्ती गेली.

नळी जवळ होती, पण हाताशी नव्हती. हा फरक त्या दिवशी दोघांच्या जिवावर बेतला. वैमानिकाचा मास्क नेमका कुठे ठेवायचा, या प्रश्नाची सुरुवात मी तिथूनच धरतो. त्याआधी तेरा वर्षं, १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशर बलूनमध्ये असेच बेशुद्ध पडले होते. त्यांचे सोबती हेन्री कॉक्सवेल यांचे हात थंडीने निकामी झाले होते. त्यांनी बलूनमधला वायू सोडणाऱ्या झडपेची दोरी दातांनी ओढली, बलून खाली आला, म्हणून दोघे जिवंत परतले.

ऑक्सिजन कमी पडण्याचा खरा धोका असा की तो कळत नाही. श्वास कोंडला की माणूस तडफडतो, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. विरळ हवेत मात्र श्वास नेहमीसारखा चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि शरीर ओरडून काही सांगत नाही. उलट अनेकांना छान, हलकं वाटतं. तिसांदिए यांनीही त्या अवस्थेतल्या आनंदाबद्दल लिहून ठेवलं आहे. आधी विचार ढिला पडतो, मग बोटं ऐकेनाशी होतात आणि शेवटी शुद्ध जाते. शुद्ध जाण्याच्या कितीतरी आधी माणूस निरुपयोगी झालेला असतो. म्हणून विमानवैद्यकात हिशेब धरतात तो ‘उपयोगी भान’ किती वेळ टिकतं याचा. २५,००० फुटांवर ते तीन ते पाच मिनिटं टिकतं, ३०,००० वर एक ते दोन मिनिटं आणि ३५,००० वर अर्धं ते एक मिनिट. ४०,००० फुटांवर फक्त पंधरा ते वीस सेकंद. केबिनमधला दाब एका झटक्यात गेला तर हे आकडे निम्म्यावर येऊ शकतात, कारण फुप्फुसातली हवा ओढली जाते आणि रक्तातला ऑक्सिजनच उलटा फुप्फुसात निसटू लागतो.

पहिल्या महायुद्धातले वैमानिक चिरुटासारखी नळी दातांत धरून ऑक्सिजन ओढत. २७ फेब्रुवारी १९२० रोजी अमेरिकी लष्करी वैमानिक रुडॉल्फ श्रोडर उघड्या विमानातून ३३,००० फुटांपलीकडे गेले. तिथे ऑक्सिजनचा पुरवठा बिघडला, त्यांची शुद्ध गेली आणि विमान कित्येक हजार फूट कोसळत खाली आलं. जमिनीजवळ जाग आली, तेव्हा त्यांचे डोळे गोठल्यासारखे झाले होते. तशा अवस्थेत त्यांनी विमान उतरवलं. नळी दातांतून सुटते, भान गेलं की जबडा सैल पडतो, हे अशा अनुभवांतून उमगत गेलं. मग चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क हवा, हा विचार रुजला. १९३८ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या बूथबी, लव्हलेस आणि बुलबुलियन या तिघांनी असा मास्क तयार केला आणि तो त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. यातले रँडॉल्फ लव्हलेस यांनी १९४३ मध्ये ४०,२०० फुटांवरून स्वतः पॅराशूटने उडी घेतली. विमान सोडताना अंगावर बांधायच्या छोट्या ऑक्सिजन बाटलीची चाचणी त्यांना स्वतःवरच घ्यायची होती. छत्री उघडण्याच्या हिसक्याने ते बेशुद्ध झाले, हातमोजा निघून गेला आणि हाताला हिमदंश झाला. बाटलीने मात्र काम केलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांत मास्क कुठे ठेवायचा हा प्रश्नच नव्हता, कारण तो तासन्‌तास तोंडावरच असे. जागा सोडून विमानात फिरायचं तर सोबत छोटी बाटली घ्यायची. मास्क ‘ठेवायची’ वेळ आली ती दाबयुक्त केबिनमुळे. १९४० मध्ये बोइंग ३०७ प्रवासी सेवेत आलं, १९५२ मध्ये कॉमेट आणि १९५८ मध्ये बोइंग ७०७. बाहेर ३५,००० फुटांची हवा असली तरी आत साधारण ८,००० फुटांइतका दाब राखला जाऊ लागला. वैमानिक मोकळ्या चेहऱ्याने, कॉफी पीत विमान चालवू लागले. मास्क ही रोजची गोष्ट न राहता आणीबाणीची वस्तू बनली, आणि आणीबाणीच्या वस्तूचं जे होतं तेच तिचंही होऊ लागलं. ती पाठीमागे जाते, पिशवीत जाते, तिची नळी कशात तरी अडकते.

नियमांनी इथे जे माप दिलं ते मला फार विचारपूर्वक निवडलेलं वाटतं. अमेरिकेच्या विमान प्रमाणन नियमांनुसार, २५,००० फुटांहून उंच उडण्याची मान्यता हवी असलेल्या प्रवासी विमानात कॉकपिटमधल्या प्रत्येकाचा मास्क त्याच्या ठरलेल्या जागेवरून एका हाताने, पाच सेकंदांत चेहऱ्यावर चढला पाहिजे. तो नीट बसला पाहिजे, त्यात हवा गळता कामा नये आणि श्वास घेताच ऑक्सिजन मिळाला पाहिजे. चष्मा असेल तर तो हलता कामा नये. मास्क लावून बोलता आलं पाहिजे आणि हातातलं तातडीचं काम अडता कामा नये. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतही झटकन चढवता येणारा मास्क वैमानिकाच्या कामाच्या जागीच असावा अशी अट आहे. ‘जवळ’ हा शब्द मोघम आहे. एक हात आणि पाच सेकंद मोजता येतात. चष्म्याचा उल्लेख वाचताना तर ही चाचणी घेणारा कुणीतरी डोळ्यांपुढे उभा राहतो: मास्क ओढला, चष्मा नाकावरून घसरला आणि समोरची यंत्रं धूसर झाली.

सुरुवातीच्या जेट विमानांत मास्क बहुधा डोक्यापाशी किंवा खांद्यामागे हुकावर टांगलेला असे. आजच्या बहुतेक मोठ्या विमानांत तो खुर्चीच्या बाहेरच्या बाजूला, खिडकीखाली, दोन झडपांच्या डबीत असतो. डबीतून मास्कचा पुढचा भाग जरासा बाहेर डोकावतो आणि त्यावर दोन लाल पट्ट्या असतात. अंगठा आणि बोटांनी त्या चिमटीत दाबून मास्क ओढला की झडपा आपोआप उघडतात आणि डोक्यामागच्या पट्ट्यांच्या पोकळ नळ्यांत ऑक्सिजन भरतो. त्या फुगून ताठ होतात आणि एरवी लोळागोळा झालेलं ते जाळं हातात टोपीसारखं उभं राहतं. ते डोक्यावरून घ्यायचं आणि चिमटी सोडायची. हवा निघून जाते आणि पट्टे डोक्याला घट्ट आवळतात. बक्कल नाही, गाठ नाही, दुसरा हात लागत नाही. फुगणाऱ्या पट्ट्यांची ही युक्ती फ्रान्सच्या इंटरटेक्निक कंपनीच्या ‘इरॉस’ मास्कमुळे सर्वदूर पोहोचली. उड्डाणाआधी वैमानिक डबीवरची कळ दाबून पाहतो. फुस्स आवाज येतो, प्रवाह दाखवणारी छोटी खूण क्षणभर लुकलुकते आणि मास्कमधल्या मायक्रोफोनचीही तपासणी होते. ही तपासणी काही सेकंदांची आहे, पण ती मनापासून करणाऱ्या वैमानिकांबद्दल मला आदर वाटतो.

कारण मास्क हाताशी असूनही दगा देऊ शकतो. २४ जून १९८२ रोजी इंडोनेशियात गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिनं बंद पडली आणि केबिनचा दाब घसरू लागला. सहवैमानिक रॉजर ग्रीव्ह्ज यांनी मास्क हातात घेतला तर त्याची नळी सुटलेली. कॅप्टन एरिक मूडी यांच्यापुढे दोन वाटा होत्या: इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानाची मोलाची उंची राखायची, की सहकाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून ती खर्ची घालायची. त्यांनी विमान झपाट्याने खाली नेलं. पुढे इंजिनं सुरू झाली आणि सगळे वाचले. १९८९ मध्ये होनोलुलूहून निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या ७४७ चा मालकक्षाचा दरवाजा उडाला. वैमानिकांनी मास्क लावले, पण ऑक्सिजन आलाच नाही. त्या धडाक्यात ऑक्सिजनची यंत्रणाच तुटली होती.

१४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिऑस या सायप्रसच्या विमान कंपनीच्या दुर्घटनेत मास्क जागेवर होते, वैमानिकांनी ते लावलेच नाहीत. लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये दाब नियंत्रणाचा खटका ‘मॅन्युअल’वर राहिला होता, म्हणजे केबिनमधला दाब आपोआप राखला जात नव्हता. विमान चढत असताना केबिनमधला दाब फार घसरल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. पण उड्डाणापूर्वी विमानाची जुळवणी चुकली तर वाजतो तोही भोंगा हाच होता, आणि वैमानिकांनी तोच अर्थ घेतला. ते कंपनीच्या तंत्रज्ञांशी रेडिओवर बोलत राहिले, आणि बोलता बोलता भान गेलं. नंतर शेजारून उडणाऱ्या ग्रीक हवाई दलाच्या वैमानिकांना सहवैमानिक पुढे कलंडलेला दिसला आणि कॅप्टनची खुर्ची रिकामी दिसली. १२१ जण गेले. त्याआधी २५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेत एक लिअरजेट विमान बेशुद्ध माणसांना घेऊन तासन्‌तास उडत राहिलं आणि इंधन संपल्यावर साउथ डकोटात कोसळलं. अशा घटनांनंतर अनेक विमानांच्या पुस्तिका सुधारल्या गेल्या. दाबाचा इशारा मिळाला की आधी मास्क, कारण शोधणं मागाहून. ७३७ मध्ये दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगळे दिवेही आले.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू ७४७ मध्ये आग लागली आणि कॉकपिट धुराने भरलं. अशा वेळी हाच मास्क धुरापासूनही वाचवतो. कॅप्टनने तो लावला होता, पण आगीच्या उष्णतेने पुरवठा निकामी झाला आणि ऑक्सिजन अचानक थांबला. हाताने नेण्याजोगी बाटली खुर्चीमागे होती. ती आणायला ते उठले आणि परत खुर्चीवर आले नाहीत. एकटा पडलेला सहवैमानिक समोरची यंत्रंही पाहू शकत नव्हता. विमान कोसळलं, दोघेही गेले.

आणि मग १४ मे २०१८. सिचुआन एअरलाइन्सचं एअरबस ए३१९ चोंगचिंगहून ल्हासाला जात होतं. सुमारे ३२,००० फुटांवर सहवैमानिकापुढची काच फुटून उडून गेली, तो अर्धा बाहेर ओढला गेला आणि खुर्चीच्या पट्ट्यामुळेच आत राहिला. डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन लिऊ च्वानच्येन होते. त्यांच्या एअरबसमध्ये विमान चालवायची दांडी डाव्या हाताशी असते, आणि मास्कची डबीही डाव्याच बाजूला, जरा मागे. डावा हात दांडीवरून काढणं शक्य नव्हतं. उजव्या हाताने त्यांनी मास्क घेऊन पाहिला, पण विमान प्रचंड हादरत होतं आणि ते जमलं नाही. मास्कविनाच त्यांनी डोंगराळ मुलखावरून विमान खाली आणून छंगदूला उतरवलं. सगळे वाचले. ‘एका हाताने’ ही अट डबीने पूर्ण केली होती, पण तो एक हात कुठला, हे नियमात कुणी लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे, आणि त्यावर अजून पुरेशी चर्चा झालेली नाही.

मास्क वैमानिकाच्या इतक्या जवळ ठेवण्याची एक किंमतही आहे. २९ जुलै २०११ रोजी कैरो विमानतळावर उभ्या असलेल्या इजिप्तएअरच्या बोइंग ७७७ च्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकाच्या मास्कच्या डबीपाशी आग लागली. मास्कला जाणारी नळी दबू नये म्हणून तिच्यात धातूची स्प्रिंग असे. तिच्यातून वीज वाहिली तर ती तापून शुद्ध ऑक्सिजनच्या सान्निध्यात भडका उडू शकतो. प्रवासी अजून खाली उतरू शकत होते म्हणून जीवितहानी टळली. त्यानंतर वीज न वाहणाऱ्या नळ्या बसवण्याचे आदेश निघाले.

सध्याचा वाद आहे तो एकट्या वैमानिकाचा. अमेरिकेच्या जुन्या नियमाप्रमाणे २५,००० फुटांच्या वर एक वैमानिक काही कारणाने उठला की दुसऱ्याने मास्क लावायचा, मग पहिला अगदी दोन मिनिटांसाठी का गेला असेना. २०२० मध्ये ही मर्यादा ४१,००० फुटांवर नेली गेली. दाबयंत्रणा आता भरवशाच्या झाल्या आहेत आणि वारंवार काढून-घालून मास्क खराब होतात, ही बाजू मला समजते. तरीही मला हा बदल पटत नाही. ४०,००० फुटांवर एकट्या माणसाकडे पंधरा ते वीस सेकंद असतात. त्यातले पाच मास्क चढवायला लागतात, आणि ते पाच सुरू होण्याआधी काहीतरी बिघडलं आहे हे त्याच्या एकट्याच्या लक्षात यावं लागतं.