टरफलातलं पाणी सांगतं नर की मादी

ठाण्यात, वाशीत किंवा नेरूळमध्ये घरच्या टाकीत सर्रास दिसणारं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. कानशिलावर लाल पट्टा असतो. जेमतेम तीन सेंटिमीटरचं पिल्लू पाहून नर-मादी ओळखता येत नाही. नराच्या पुढच्या पायांची नखं लांब होतात आणि शेपूट जाड होते, पण त्यासाठी पोटाकडचं कवच साधारण दहा सेंटिमीटरपर्यंत वाढावं लागतं. त्याला काही वर्षं जातात.

मग डीएनए तपासावा? इथे त्याचा उपयोग नाही. या कासवांना लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नसतात, ठरवते ती उबवणीतली उष्णता. अंडी २६ अंशांना उबवली तर नर निघतात, ३१ अंशांना मादी, आणि साधारण २९ च्या आसपास दोन्ही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचंही गणित याच जातीचं. मगरीचं वेगळं: ३२-३३ अंशांच्या आसपास नर, त्याच्या खाली आणि वर मादीच जास्त. लिंग ठरतं ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणून तापमान नोंदवत राहणारा डेटा लॉगर त्या काळात तरी अंड्यांना टेकून हवा. नाग-घोणसांना मात्र गुणसूत्रं असतात, त्यामुळे त्यांच्या टाकलेल्या कातेतल्या डीएनएवरूनही लिंग शोधता येतं.

कासवाच्या बाबतीत संप्रेरकं (हार्मोन्स) मदतीला येतात. उष्ण अंड्यात अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाचं इस्ट्राडायॉल हे मादी-संप्रेरक करतं. पिल्लू बाहेर पडल्यावर टरफलात थोडा द्रव उरतो, त्यात या दोघांचं गुणोत्तर सापडतं: इस्ट्राडायॉलकडे झुकलं तर मादी, टेस्टोस्टेरॉनकडे झुकलं तर नर. पिल्लाला सुई लावायची गरजच पडत नाही, आणि या पद्धतीची खरी किंमत यातच आहे.

काम सोपं वाटलं तरी चुका इथेच होतात. प्रत्येक अंडं पहिल्यापासून वेगळ्या कपात ठेवा, नाहीतर कोणतं टरफल कोणत्या पिल्लाचं हे कळणार नाही. द्रव लगेच मायक्रोपिपेटने (थेंबभर द्रव मोजून ओढणाऱ्या नळीने) ओढा, कारण तो लवकर सुकतो. रक्ताची रेघ किंवा पिवळा बलक आला तर नमुना बाद समजा. बलकात आईची संप्रेरकं असतात. नळीवर क्रमांक घालून उणे २० अंशांना ठेवा. आणि प्रत्येक प्रजातीसाठी हे गुणोत्तर, नैसर्गिकरीत्या मेलेल्या पिल्लांच्या जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पडताळावं लागतं. एका कासवाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

वाढ झालेल्या प्राण्यांसाठी विष्ठा कामी येते, तिच्यातही संप्रेरकं उतरतात. ती ताजी उचला, पांढरा युरेटचा (घट्ट लघवीचा) भाग वेगळा काढा, उरलेली नीट कालवा, कारण संप्रेरक सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. पाण्यात विरघळली तर संप्रेरकं धुऊन जातात, म्हणून कासवाच्या टाकीतून ती लगेच गाळून घ्यावी. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट हवेत जिवाणू काही तासांतच संप्रेरकांचं रूप बदलतात. फ्रीझर जवळ नसेल तर थेट अल्कोहोलमध्ये टाका, पण मग सगळेच नमुने तसेच साठवा. पद्धत मिसळली की आकडे जुळत नाहीत.

पुढचं प्रयोगशाळेत: सुकवून पूड करा, ०.२ ग्रॅम पूड २ मिली ८० टक्के मिथेनॉलमध्ये अर्धा तास हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून गाळ खाली बसवा, वरचा द्रव घ्या. तो बफरने इतका पातळ करा की मिथेनॉल ५ टक्क्यांच्या खाली येईल, नाहीतर चाचणीतल्या, संप्रेरक पकडणाऱ्या प्रतिपिंडांची पकड सुटते. एलायझा या प्रतिपिंडांवर चालणाऱ्या रंग-चाचणीच्या ४५० नॅनोमीटर वाचनात रंग जितका फिका, तितकं संप्रेरक जास्त, कारण नमुन्यातलं संप्रेरक, किटमधल्या रंग आणणारं विकर जोडलेल्या संप्रेरकाशी प्रतिपिंडावरच्या जागेसाठी झगडतं. नवखे इथे उलटं वाचतात. माणसाच्या रक्तासाठी बनवलेला किट विष्ठेतले संप्रेरकांचे तुकडे ओळखेलच असं नाही; म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून त्याची रेषा, माहीत प्रमाणाच्या संप्रेरकावरून काढलेल्या प्रमाण रेषेला समांतर जाते का, ते आधी पाहावं.

एकाच विष्ठेवरून नर-मादी ठरवू नका. विणीआधी काही प्रजातींच्या मादीतही टेस्टोस्टेरॉन चढतं, तर विणीचा हंगाम सरला की नराचं उतरतं. साप तर आठवडे काहीच टाकत नाहीत, आणि जे टाकतात त्यात गेल्या कित्येक दिवसांचं संप्रेरक साठलेलं असतं. नमुन्याच्या तारखेसोबत शेवटच्या खाण्याचीही तारीख लिहून ठेवा.