घाटातलं धावणं आणि गुडघे

चढ-उताराच्या रस्त्यावर किंवा डोंगरवाटेवर धावणं म्हणजे घाटातलं धावणं, धावणारे लोक याला सरसकट 'हिल रनिंग' म्हणतात. सह्याद्रीत याचे दोन प्रकार होतात, एक डांबरी घाटरस्त्यावरचं आणि दुसरं 'ट्रेल' म्हणजे गडवाटा, मुरूम, कातळ, घसारा वगैरे. पुणेकर पर्वती, वेताळ टेकडी नाहीतर सिंहगड गाठतात, मुंबईकर नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ धरतात, ठाणेकरांना येऊर आहे.

आपल्याकडची सगळ्यात माहितीतली घाटातली शर्यत म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन, 2012 पासूनची. पावसाळ्यात होते, अंतर 21 किमी, गाव सोडलं की यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण चढाचीच धास्ती घेतो, महिना-दोन महिने नुसती चढाची तयारी करतो, आणि गुडघा बोलायला लागतो तो मात्र परतीच्या उतारावर. चढाने गुडघे जातात हा समज इतका पक्का बसलाय की उताराची प्रॅक्टिस करायची असते हेच कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि माझ्या मते बहुतेक दुखण्यांची सुरुवात इथेच होते.

चढताना पाऊल पडतं तेव्हा जमीन आधीच वर आलेली असते त्यामुळे आदळणं कमी, कष्ट पडतात ते पोटरीला, टाचेमागच्या शिरेला, नितंबांना आणि अर्थात दमाला. उतारावर उलटं होतं, शरीर दर पावलाला थोडं खाली पडतं आणि ते पडणं मांडीच्या पुढच्या स्नायूला झेलावं लागतं, म्हणजे स्नायू ताणला जातोय आणि त्याच वेळी आवळूनही धरतोय, गाडीच्या ब्रेकसारखं. हा ब्रेक जितका जोरात लागतो तितकी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. 2005 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात उतरत्या ट्रेडमिलवर हे मोजलं गेलं, 9 अंशांच्या उतारावर पाऊल आदळण्याचा जोर सपाटीपेक्षा 54 टक्क्यांनी वाढला आणि ब्रेकचा जोर 73 टक्क्यांनी, आणि तेवढ्याच चढावर आदळण्याचा झटका जवळजवळ नाहीसाच झाला.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरणारा माणूस दिसला की समजायचं हा घाट उतरून आलाय. यात घाबरण्यासारखं काही नाही, मांड्या भरलेल्या असतात, दोन-तीन दिवसांत मोकळ्या होतात. गुडघ्याचं दुखणं वेगळं ओळखता येतं. वाटीच्या मागे किंवा भोवती कळ येत असेल, जिना उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून किंवा खुर्चीत बसून उठताना वाढत असेल तर ते वाटीचं, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठरावीक अंतर झालं की सुरी टोचल्यासारखं होत असेल तर बहुतेक आयटी बँडचं, म्हणजे खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत येणाऱ्या जाड पट्ट्याचं.

उतरायचं कसं तर पावलं छोटी आणि भरभर. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या बरीच पुढे पडते, पाय ताठ होतो आणि सगळा दणका गुडघ्यात जातो, कान दिले तर डांबरावर थाड थाड आवाजच येतो, छोट्या पावलाचा आवाज हलका येतो. अंगाला मागे झोकून ब्रेक लावायची सवय बऱ्याच जणांना असते ती सोडायला लागते, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल शरीराच्या खाली, नजर पायाजवळ नाही तर चार पावलं पुढे. 2011 साली विस्कॉन्सिनमधल्या अभ्यासात वेग तोच ठेवून पावलांची संख्या 10 टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्याला शोषावी लागणारी ऊर्जा साधारण एक तृतीयांशने कमी झाली, तो अभ्यास सपाटीवरचा होता पण उतारावर तर याचा फायदा पहिल्याच वळणाला जाणवतो. घसाऱ्यावर किंवा शेवाळलेल्या कातळावर मात्र धावायचा हट्ट नको, तिथे सरळ चालावं, चांगले चांगले ट्रेल रनर चालतात.

तयारीत सगळ्यात कामाचा व्यायाम साधा आहे, जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश खालच्या पायरीला टेकवायची आणि परत वर यायचं, गुडघा आतल्या बाजूला वळू द्यायचा नाही. जोडीला बैठका आणि नितंबांचे व्यायाम. आणि उतार थोडा थोडा वाढवत न्यायचा, कारण स्नायूंना एकदा उताराची ओळख झाली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने ते तितके दुखत नाहीत. त्यामुळे शर्यतीच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा मोठा घाट उतरायला जाणं ही सगळ्यात वाईट वेळ. नी-कॅपने आधार वाटतो, पण ताकदीचं काम ती करत नाही.

धावून गुडघे झिजतात असं घरोघरी सांगितलं जातं. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौशी धावणाऱ्यांमध्ये खुब्याची किंवा गुडघ्याची झीज 3.5 टक्के जणांना आणि न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्के निघाली, स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र 13.3 टक्के. गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकला, किंवा उतरताना दगा देऊन वाकायला लागला तर मात्र धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, बाम चोळत पुढच्या रविवारी परत घाटात जायचं नाही.